तबेल्यातला कलकलाट : घोड्याशेजारी कोंबडे, गिनी आणि हंस पाळताना

शेतावर एखादी घोडी बांधली की पाठोपाठ कोंबड्या येतातच. गव्हाणीखाली सांडलेली चंदी वाया कशाला घालवायची, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. मग कुणी ओळखीचा गिनी फाउलची जोडी आणून देतो आणि ‘आता साप फिरकायचा नाही’ असं ठामपणे सांगतो. मुलांना पांढरे हंस हवे असतात. वर्ष सरतं न सरतं तोच तबेल्याची जत्रा झालेली असते. त्यानंतर मालकांकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. एवढ्या गोंगाटाने घोडा बुजेल का? कोंबडी टापेखाली येईल का? पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्याचं काय करायचं? शेजारी पोलिसांत गेला तर? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम चुकलेला आहे. कानाला जे टोचतं तेच धोक्याचं, असं आपण धरून चालतो. घोड्याला या पक्ष्यांच्या आवाजाची सवय थोड्या दिवसांत होते. ती सवय होत नाही ती शेजाऱ्याला. घोड्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट वेगळीच असते, ती पक्ष्यांच्या खाद्याच्या पिंपात असते आणि तिचा आवाज येत नाही. या लेखात हा क्रम नीट लावून, काय करायचं आणि काय टाळायचं ते पाहू.

घोडा बुजतो तो कशाला

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा सरळ पट्टा तेवढा दिसत नाही. अशा प्राण्याला आवाज मोठा आहे की लहान, यापेक्षा तो कुठून आला आणि त्याच्या पाठोपाठ काय झालं, हे महत्त्वाचं असतं. रोज त्याच वळचणीवरून त्याच वेळी आरवणारा कोंबडा आठ-पंधरा दिवसांत त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो. पण गवतात दबून बसलेल्या पाच-सात गिनी घोड्याच्या मागच्या पायांजवळून भर्रकन उडाल्या, तर वर्षानुवर्षं शांत असलेली घोडीही उसळते. म्हणून पक्षी किती ओरडतात याची चिंता कमी करा आणि ते कुठून उडतात याकडे लक्ष द्या. खरारा करायची जागा, नाल ठोकायची जागा आणि स्वारीचं मैदान या तीन ठिकाणी पक्षी येऊ नयेत एवढं कुंपण हवं. घोड्याच्या पोटाखाली वाकून नाल बसवणाऱ्या नालबंदाला तुमच्या हंसाचं कौतुक नसतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वरातीला घोडे देणारे काहीजण म्हणतात, कोंबड्यांच्या गलबल्यात वाढलेलं शिंगरू पुढे बँडला आणि फटाक्यांना बुजत नाही. यात थोडं तथ्य आहे. भोवती हालचाल आणि आवाज असलेल्या ठिकाणी वाढलेलं जनावर एकाकी वाढलेल्या जनावरापेक्षा सहसा धीट असतं. पण सवय ही ज्या गोष्टीची झाली त्याच गोष्टीची असते. कोंबड्याची बांग ओळखीची झाली म्हणून सुतळी बॉम्ब ओळखीचा होत नाही; त्याची तयारी वेगळीच, हळूहळू आणि लांबून करावी लागते. तेव्हा घोड्याच्या शिकवणीसाठी म्हणून पक्षी आणू नका.

दुसरी बाजूही आहे. घोडा दिवसाकाठी सगळी मिळून तीनएक तास झोपतो आणि त्यातला थोडाच वेळ आडवा होऊन. आडवं व्हायला त्याला आजूबाजूला स्वस्थता लागते. गिनीचा थवा तबेल्याच्याच छपरावर रात्र काढत असेल, तर मांजर गेलं, कुत्रं भुंकलं, टिपूर चांदणं पडलं, एवढ्यावर अख्खा थवा करवतीसारखा आवाज काढतो. अशा ठिकाणी घोडा उभ्या उभ्या पेंगतो आणि चार-दोन आठवड्यांनी मालक म्हणतो, ‘हा अलीकडे मरगळलाय.’ पक्ष्यांची रात्रीची जागा तबेल्यापासून निदान पंचवीस-तीस पावलं लांब ठेवा. खुराड्यात राहणारे लाल कीटक हे त्याचं आणखी एक कारण. ते दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात. खुराडं तबेल्याच्या भिंतीला लागून असेल तर ते घोड्यावरही येतात. घोडा रात्रभर पाय आपटत असेल, मान घासत असेल आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नसेल, तर आधी कोंबड्यांचं खुराडं तपासा.

कोणता पक्षी, कशासाठी

देशी कोंबड्या घोड्याबरोबर सगळ्यात सुखाने राहतात. त्या लीद उकरतात, त्यातल्या माश्यांच्या अळ्या टिपतात, सांडलेले दाणे उचलतात आणि घोड्याच्या पायांचा अंदाज पटकन शिकतात. मोठी कोंबडी टापेखाली सापडल्याचं क्वचितच घडतं. पिल्लांचं मात्र तसं नाही. खुडूक कोंबडी गव्हाणीत अंड्यांवर बसली तर कौतुकाने तिथेच राहू देऊ नका. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत त्यांना वेगळी जागाच हवी. आणि एक गोष्ट अजूनही पुष्कळांना सांगावी लागते, की अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची नसतील तर कोंबडा ठेवू नका. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

कोंबडा ठेवायचाच असेल तर त्याचा स्वभाव समजून घ्या. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की कोंबडा नुसता उजेड पाहून आरवत नाही. शरीरातल्या घड्याळानुसार तो उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीच सुरू होतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही आपली म्हण आहेच. तिला आता एवढं जोडावं लागेल, की झाकलं म्हणून त्याचं आरवणंही राहत नाही. काळोखी पेटीने आवाज दबतो, वेळ बदलत नाही. त्याच संशोधकांचं आणखी एक निरीक्षण कामाचं आहे: कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून आपापल्या दर्जाप्रमाणे. तीन कोंबडे असले तर पहाटे एका बांगेची माळ होते, हे लक्षात घेऊन एकच ठेवा. आवाज कमी व्हावा म्हणून कोंबड्याच्या गळ्याला आवळपट्टी बांधायचा उपाय काहीजण सुचवतात. तो करू नका. पट्टी किंचित घट्ट झाली तर पक्षी गुदमरतो, आणि प्राण्याला विनाकारण यातना देणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

गिनी फाउल मूळचा आफ्रिकेतला. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे त्याचे प्रकार आपल्याकडच्या शेतकऱ्यांसाठी तयार केले आहेत. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच तुकड्यात. दिसायला दोघे इतके सारखे, की विकणारा म्हणतो ती जोडी खरंच जोडी आहे का, हे कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. करमणूक म्हणून त्यांना तोड नाही. दहा-बारा पक्षी एका रांगेत घोड्याच्या मागून फिरतात, मध्येच काही कारण नसताना सगळे एकदम पळतात, बादलीत आपलंच प्रतिबिंब पाहून भांडतात. पण गिनी हा कोंबडीसारखा पाळीव झालेला पक्षी नाही. नवी जागा ओळखीची होण्याआधी मोकळा सोडलात तर तो उडून जाईल आणि तुम्ही शेजाऱ्याच्या आंब्याखाली ‘ये, ये’ करत उभे राहाल.

‘राजहंस’ म्हणून बाजारात मिळणारे पांढरे गूज घोड्याच्या जागेला फारसे मानवत नाहीत. ते गवतच खातात, म्हणजे घोड्याच्या ताटात जेवतात. घाणही भरपूर करतात आणि पाण्याची टाकी दिसली की त्यात उतरतात. विणीच्या काळात नर मान जमिनीसरशी ताणून फिस्कारत अंगावर येतो. घोडा बहुतेक वेळा बाजूला होतो, तरणा असेल तर लाथ घालतो आणि मग हंसाचं काही राहत नाही. टर्कीचं सगळं साधारण कोंबडीसारखंच, आवाज गमतीदार आणि त्रास कमी.

मोर मात्र पाळता येत नाही, मग तुमची जमीन कितीही एकर असो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि त्याला पकडणं किंवा कोंडणं याची शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. रानातले मोर आपणहून शेतावर येत असतील तर येऊ द्या, पण त्यांना कोंबड्यांच्या थाळीवर सवयीचे करू नका. तितराचंही असंच आहे. गावठी बाजारात गिनी आणि तितर यांच्या नावांचा पुष्कळ गोंधळ चालतो. गिनी विकत घेणं कायदेशीर आहे, रानातून धरलेला तितर घेणं हा गुन्हा. पक्षी पाहिल्याशिवाय नावावर सौदा करू नका.

गोचीड आणि साप : ऐकीव किती, खरं किती

गिनी आणण्याचं सगळ्यात भक्कम कारण म्हणून गोचीड पुढे केले जातात. कारण वरवरचं नाही. घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवणारे परजीवी मुख्यतः गोचिडांमार्फत पसरतात, आणि ताप, अशक्तपणा, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं या तक्रारी आपल्या हवेत नवीन नाहीत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गिनी चरत असलेल्या हिरवळीवर प्रौढ गोचीड कमी आढळले होते. याच्या आधारावर जगभर गिनी विकल्या गेल्या. पण पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की गोचिडाच्या लहान अवस्थांवर गिनीचा म्हणावा तसा परिणाम होत नाही; त्या फार बारीक असतात आणि पाचोळ्यात दडतात. शिवाय गिनी जमिनीवरचा गोचीड टिपते, घोड्याच्या मांडीत, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी रुतलेला तुमच्याच हाताला लागतो. म्हणजे गिनी ही मदत आहे, उपाय नाही. रोजचा खरारा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध हे तिच्या भरवशावर सोडता येत नाही.

सापाबद्दलही तेच. गिनी साप पाहून गोळा होतात, गलका करतात, लहानसहान साप चोचीने मारतातही. पण गलका कानावर येणं आणि साप नसणं यात फरक आहे. शिवाय पक्ष्यांचं खाद्य सांडलं की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. खाद्य उघडं ठेवून सापासाठी गिनी पाळणं म्हणजे आपणच आमंत्रण द्यायचं आणि आपणच दारावर पहारा बसवायचा. खाद्याची जागा कोरडी आणि झाकलेली ठेवली तर सापाचा अर्धा प्रश्न गिनीशिवायही सुटतो.

खाद्याचं पिंप : इथे चूक परवडत नाही

कोंबड्यांना, त्यातही मांसाच्या कोंबड्यांना, रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यांच्या तयार खाद्यात औषध मिसळलेलं असतं. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, लॅसालोसिड, नॅरासिन, मदुरामायसिन ही त्यातली काही नावं. या गटाला आयनोफोर म्हणतात. कोंबडी ही औषधं सहज पचवते. घोड्यासाठी ती विष आहेत. फरक किती, ते मोनेन्सिनच्या आकड्यांवरून कळेल. कोंबडीच्या बाबतीत शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम मात्रा प्राणघातक ठरते. घोड्याच्या बाबतीत २ ते ३ मिलिग्रॅम. सॅलिनोमायसिनला तर घोड्याच्या दर किलोमागे ०.६ मिलिग्रॅम पुरतं.

हिशेब करून पाहा. कोंबड्यांच्या खाद्यात एका किलोला साधारण १०० मिलिग्रॅम मोनेन्सिन असतं. तीनशे किलोच्या तट्टाला प्राणघातक ठरायला त्यातलं सहा किलो खाद्य बास. सॅलिनोमायसिन किलोला ६० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तिथे तीन किलोच. रात्री दार उघडं राहिलं आणि पिंपाचं झाकण ढिलं असलं, तर भुकेला घोडा एवढं खाद्य सकाळपर्यंत आरामात संपवतो. यातही गृहीत असं, की औषध पोत्यात सगळीकडे सारखं मिसळलेलं आहे. ते तसं असेलच असं नाही. आणि जिवानिशी न जाणाऱ्या मात्रेनेही हृदयाच्या स्नायूला इजा होते, जी घोडा पुढे स्वारीत धापा टाकू लागेपर्यंत लक्षात येत नाही.

‘आमचे पक्षी अंड्याचे, त्यांच्या खाद्यात हे औषध नसतं,’ असं कुणी म्हणेल. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात ते बहुधा नसतं, हे खरं. पण एकाच गिरणीत आधी मांसाच्या कोंबड्यांचं आणि मग अंड्याच्या कोंबड्यांचं खाद्य निघतं. यंत्रात राहिलेलं पुढच्या पोत्यात येतं. तालुक्याच्या दुकानात सुटं मोजून घेतलेल्या खाद्यावर तर काही छापलेलंच नसतं. आणि औषध नसलेलं खाद्यही घोड्याने पोटभर खाल्लं तर पोटशूळ उठतो, टापांमध्ये दाह होतो. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं परत बाहेर पडत नाही. तेव्हा या बाबतीत पुढील गोष्टींना पर्याय नाही असं समजा.

- पक्ष्यांचं खाद्य घोड्याच्या चंदीच्या खोलीत ठेवू नका. स्वतंत्र खोली, नसेल तर कडी-कुलुपाचं लोखंडी पिंप. घोडा ओठांनी साधी कडी उघडतो.
- माप, बादली, फावडं यातलं काहीही दोन्हीकडे वापरू नका. पिंपावर मोठ्या अक्षरांत ‘घोड्याला नाही’ असं लिहून घ्या. रात्री काम करणाऱ्या नव्या माणसाला ते वाचता येईल अशा भाषेत.
- खाद्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय पोतं घेऊ नका आणि पोतं संपेपर्यंत चिठ्ठी टाकू नका.
- पंधरा-वीसच पक्षी असतील तर तयार खाद्याची गरज थोडी असते. ज्वारी, बाजरी, मका, घरातलं उरलंसुरलं आणि मोकळं चरणं यावर देशी कोंबडी चांगली राहते. घोडा असलेल्या घरी मला हाच पर्याय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

घोड्याने पक्ष्यांचं खाद्य खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. खाणं टाकणं, घाम फुटणं, पोटात दुखतंय अशी चुळबुळ, मागचे पाय लटपटणं, छातीचे ठोके वेगाने पडणं, लघवी गडद होणं ही चिन्हं दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. या विषाला उतारा नाही. घोड्याला चालवू नका, पळवू नका, निवांत उभा करा. सोबत खाद्याचं पोतं, चिठ्ठी आणि मूठभर नमुना ठेवून डॉक्टरांना बोलवा. घोडा वाचला तरी हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्यावर खोगीर चढवू नका.

गव्हाण, पाणी आणि लीद

पक्षी जिथे बसतात तिथे घाण करतात, आणि त्यांना घोड्याच्या गव्हाणीवरचा वासा फार आवडतो. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू चाऱ्यात आणि पाण्यात उतरतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ घोड्याच्या फुप्फुसांना बाधते, मग त्याचा खोकला जाता जात नाही. गव्हाणीवर तिरका पत्रा बसवा, म्हणजे पक्षी टेकू शकत नाहीत. पाण्याची टाकी रोज रिकामी करून घासा. हंस-बदकं असतील तर त्यांना वेगळं डबकं द्या आणि टाकीची कड त्यांच्या उडीपेक्षा उंच ठेवा. चंदीसाठी सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे, तोबरा. तोबरा तोंडाला बांधला की कोंबडीला दाणा मिळत नाही, घोड्याला विष्ठा मिळत नाही आणि कुणी किती खाल्लं हेही कळतं. खाणं संपताच तोबरा काढायचा, एवढीच अट.

लिदीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. घोड्याला आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध दिलं, की त्यातलं बरंचसं लिदीवाटे बाहेर पडतं. तीच लीद कोंबड्या उकरतात आणि त्यांची अंडी तुम्ही खाता. औषध दिल्यावर आठवडाभर लीद लगेच उचलून झाकलेल्या उकिरड्यात टाका.

उलट दिशेचा धोका कोंबडखताचा. शेतीला ते उत्तम आहे, पण घोडा चरतो त्या कुरणावर किंवा घासाच्या वाफ्यात ते पसरू नका. खतात मेलेले पक्षी गेलेले असतात आणि कुजलेल्या मांसात बोटुलिझमचं विष तयार होतं. हे विष घोड्याला फारच थोडं पुरतं. गिळता येईनासं होतं, पायांतलं बळ जातं. गवताच्या गंजीत मेलेली कोंबडी किंवा उंदीर सापडला, तर त्याच्या आसपासचा चारा घोड्याला न घालता जाळून टाका. थोड्या चाऱ्यासाठी हळहळू नका.

पहिला महिना

1. नवे पक्षी पंधरा दिवस लांब, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. आजारी निघाले तर आधीच्या पक्ष्यांपर्यंत तो आजार पोचत नाही.
2. मग पिंजरा घोड्याला दिसेल पण नाक पोचणार नाही असा ठेवा. चारा टाकून घोड्याला आपल्या मनाने पाहू द्या.
3. पहिली मोकळी भेट उघड्या आवारात करा. अगाडी-पिछाडी लावलेल्या घोड्याजवळ पक्षी सोडू नका. त्याला मागे सरता येत नसेल तर त्याच्याकडे लाथ मारणं एवढंच उरतं.
4. गिनींना नव्या खुराड्यात निदान पाच-सहा आठवडे कोंडून ठेवा. नंतर रोज तिन्हीसांजेला थोडा दाणा आतच टाका. दाण्याच्या वेळेला त्या आपणहून परततात.
5. गाभण घोडी, नुकतं जन्मलेलं शिंगरू आणि नुकताच विकत घेतलेला घोडा यांच्या बाबतीत हा कार्यक्रम पुढे ढकला.

शेजारी, पोलीस आणि तुमचे हक्क

आता खरा आवाजाचा प्रश्न. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कोंबड्याच्या स्वतःच्या कानाशी आवाज मोजला, तो १३० डेसिबलच्याही वर निघाला. चोच उघडली की त्याच्या कानाची वाट आपोआप बंद होते, म्हणून तो बहिरा होत नाही. शेजाऱ्याला ही सोय नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्र म्हणजे १० ते ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबलने आवाज जास्त झाला तर तक्रार करता येते. हे नियम मुख्यतः भोंगे, यंत्रं, फटाके डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत, पण पहाटे चारचा कोंबडा रात्रीच्या वेळेतच मोडतो हे विसरू नका.

‘खेड्यात कोंबडा आरवणारच, शहरातून येऊन बंगला बांधणाऱ्याने तक्रार का करावी?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि फ्रान्समध्ये तो न्यायालयापर्यंत गेला. ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्धचा दावा २०१९ मध्ये फेटाळला गेला, आणि २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच केला. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे पाहिलं जातं ते एवढंच, की त्रास सार्वजनिक आहे की एकट्या शेजाऱ्याचा. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे आणि कलम २९२ खाली हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यकारी दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. त्यावर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते, ती सोडू नका. त्रास एकाच घराला असेल तर त्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे, पोलीस ठाण्याचा नाही, हे नम्रपणे सांगता येतं. दुसऱ्या बाजूने, कुणी चिडून तुमचे पक्षी विष घालून मारले तर तो कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण कायद्यात तुम्ही जिंकाल की नाही, त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट पाहा. तक्रार कोंबड्याची असली तरी चौकशीला आलेला माणूस लिदीचा ढीग, माश्या आणि सांडपाणीही पाहतो. एका कोंबड्यापायी अख्खा तबेला कागदावर येतो. घोड्याची जागा टिकवायची असेल तर कोंबड्याला सोडून देण्याची तयारी ठेवा. फार्महाउसच्या वसाहतीत भूखंड असेल तर विक्रीच्या कागदपत्रांतल्या अटी वाचा. जनावरांवर बंदी असल्याचं बऱ्याच जणांना घोडा आणल्यावर कळतं. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत असाल तर आरोग्य विभागाकडून नियम लेखी घ्या. गावात असाल तर ग्रामपंचायतीला एक साधं पत्र देऊन ठेवा. पत्र आधी दिलेलं असावं, तक्रारीनंतरचं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं.

बर्ड फ्लू आला तर

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि याच जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. साथ जाहीर झाली की केंद्रापासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारले जातात, मग ते हौसेचे असोत की धंद्याचे. दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते. घोड्यांना मारत नाहीत, पण खाद्य, गवत आणि खत यांची ने-आण अडू शकते, म्हणून थोडा चारा हाताशी असावा. सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. दोन-चार पक्षी एकाएकी मेले तर लपवाछपवी न करता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने धरू नका आणि लिदीच्या ढिगात तर मुळीच टाकू नका. भरपाईसाठी संख्या सिद्ध करावी लागते, म्हणून पक्षी किती, कधी आणले, कुठून आणले हे एका वहीत लिहून ठेवा. त्याच वहीच्या मागच्या पानावर घोड्याच्या जंताच्या औषधाच्या तारखा टाकल्या, तर लीद कधी उकरू द्यायची याचाही घोळ राहत नाही.